हेल लेट लूज: नागपूरच्या नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गटात नवा पोट्टा आला की पहिल्या आठवड्यात तेच ते प्रश्न येतात, आणि सामना सुरू व्हायच्या आधी सविस्तर उत्तर द्यायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून हे एका जागी लिहून ठेवलं. पीसी धरून लिहिलं आहे. प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवाल्यांनी बटणं आपापली पाहावीत, बाकी खेळ तोच.

हा खेळ नेमका आहे तरी कसा?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांवरचा, पन्नास विरुद्ध पन्नास असा ऑनलाइन खेळ. ब्लॅक मॅटर या ऑस्ट्रेलियन स्टुडिओने तो बनवला, टीम १७ ने बाजारात आणला. पीसीवर पूर्ण आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, कन्सोलवर त्याच वर्षी ऑक्टोबरात. पुढे कामाची सूत्रं एक्स्प्रेशन गेम्सकडे गेली.

प्रत्येक बाजूला एक कमांडर असतो. बाकीचे स्क्वॉडमध्ये, म्हणजे छोट्या तुकड्यांत वाटलेले: पायदळाच्या स्क्वॉडमध्ये सहा जण, टँकमध्ये तीन, रेकॉनमध्ये (टेहळणीवाले) दोन. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे वॉरफेअर. नकाशावर पाच पट्टे, सामना दीड तासाचा. पाचही घेतले तर तिथेच जिंकलात, नाहीतर वेळ संपताना ज्यांच्याकडे जास्त पट्टे ते जिंकले. आपला शेवटचा पॉइंट (पट्ट्यातली ताब्यात घ्यायची जागा) राखायचा आणि समोरचा घ्यायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. नव्या माणसाची पहिली गोची इथेच होते, कारण सगळे पुढे पळतात आणि मागे कोणीच उरत नाही.

ऑफेन्सिव्हमध्ये एक बाजू फक्त हल्ला करते, दुसरी फक्त राखते. आधी वॉरफेअरच खेळा.

दादा, मी बीजीएमआयमध्ये चांगला खेळतो. मला जमेल काय?

निशाणा जमेल, सवयी मोडाव्या लागतील. इथे कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. गोळी लागल्याची खूण दिसत नाही, कोणी कोणाला मारलं याची पट्टी वर सरकत नाही. एक-दोन गोळ्यांत माणूस आडवा. आणि आपली गोळी आपल्याच माणसालाही लागते, त्यामुळे झुडूप हललं की आधी मॅप उघडून पाहा, निळा ठिपका आहे काय ते.

सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. तिकडे शेवटी जो जिवंत उरला तो जिंकला. इकडे तुम्ही मेलात तरी परत येता, वीसदा मेलात तरी परत येता. प्रश्न एवढाच, की परत येता ते कुठून. पॉइंटपासून दीडशे मीटरवरून आलात तर मिनिटभरात लढाईत. मुख्यालयातून आलात तर अर्धा नकाशा पायी तुडवत. सामना ठरतो तो यावर. ज्याचे चाळीस बळी झाले त्याची टीम हरलेली मी कैक वेळा पाहिली आहे.

मी मरतो ते कळतं, पण मारलं कोणी आणि कुठून ते कळतच नाही. काही चुकून राहिलं काय?

सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं. शत्रू बहुतेक वेळा शंभर ते अडीचशे मीटरवर असतो, आणि तेवढ्या अंतरावर माणूस म्हणजे दोन-चार पिक्सेलचा डाग. तुम्ही पळत असता, तो पडून असतो. पळणारा दिसतो, पडलेला दिसत नाही, एवढंच गणित आहे.

उपाय साधे आहेत, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. टेकडीच्या माथ्यावरून चालू नका, मागे आभाळ असलं की तुम्ही दिवाभीताला पण दिसाल. शेतातून सरळ न जाता बांधाच्या, कुंपणाच्या कडेने जा. दोन-तीन गोळ्या झाडल्या की जागा बदला. ज्या खिडकीतून एकदा मेलात त्या खिडकीत पुन्हा जाऊ नका. मारणारा अजून तिकडेच बघत बसलेला असतो. गोळी कानाजवळून गेल्याचा कडक आवाज आला आणि पडदा धूसर झाला, तर आधी आडवे व्हा, शोध नंतर.

आणि मेल्यावर ते काही सेकंद चिडण्यात घालवू नका. मॅप उघडा. आपले ठिपके कुठे आहेत, कुठे अजिबात नाहीत, लाल खुणा कुठे आहेत, ते वाचा. चांगला खेळाडू गोळी झाडण्यापेक्षा मॅप जास्त वेळ पाहतो.

सगळे सारखे "गॅरी, गॅरी" ओरडत असतात. हे गॅरिसन प्रकरण काय आहे?

हे एक कळलं की अर्धा खेळ कळला.

परत यायच्या जागा मुख्यतः दोन. पहिली आउटपोस्ट: स्क्वॉडचा प्रमुख, म्हणजे ऑफिसर, ती लावतो, सप्लाय (बांधायचं सामान) लागत नाही, पण तिथून फक्त त्याचाच स्क्वॉड येऊ शकतो. दुसरी गॅरिसन: तिथून अख्खी टीम येते. ती ऑफिसर किंवा कमांडर बांधतो, आपल्या हद्दीत ५० सप्लाय लागतात, शत्रूच्या हद्दीत १००. दोन गॅरिसनमध्ये किमान २०० मीटर अंतर हवं, आणि एका टीमला एका वेळी आठच मिळतात. शत्रू जवळ आला की गॅरिसन बंद पडते, आणि तो थेट तिथे पोचला तर मोडूनच टाकतो.

आता सप्लाय येतात कुठून? सपोर्ट नावाचा रोल खोका टाकतो, त्यात ५०. मुख्यालयातून सप्लाय ट्रक आणता येतो, त्यात बरंच जास्त. किंवा कमांडर विमानातून टाकतो.

बांधायची कुठे, यावर आमच्यात रोज वाद होतात, पण काही गोष्टींवर एकमत आहे. पॉइंटच्या अगदी आत एकच गॅरिसन असेल तर शत्रू वर्तुळात शिरताच ती बंद पडते आणि राखणारे कुठूनच येऊ शकत नाहीत. म्हणून एक आत असली तरी दोन बाहेर हव्यात, वेगवेगळ्या दिशांना, दोनेकशे मीटरवर, कुंपणाआड. हल्ल्यासाठी समोरासमोर एक बांधून थांबू नका, बाजूने दुसरी बांधा. आणि जुन्या पॉइंटवरची गॅरिसन पुढे गेल्यावर विसरू नका, पॉइंट गमावला तर तीच वाचवते.

लग्नाच्या वरातीत नाचायला शंभर जण असतात, पण जनरेटरची गाडी ढकलायला दोघंच. गॅरिसनचं तसंच आहे. ते दोघं थांबले की बँड, लाइट, नाच सगळं बंद. आमच्या गटात नव्या माणसाची परीक्षा घ्यायची तर बळी मोजत नाही, ट्रक चालवायला सांगितल्यावर तोंड वाकडं करतो काय ते बघतो.

एक विनंती. ट्रक घेऊन गेलात, खोके टाकले, की ट्रक शेतात टाकून निघून जाऊ नका. परत नेता येत नसेल तर निदान कोणाला तरी सांगा.

पहिल्यांदा कोणता रोल घेऊ?

सपोर्ट. ऑफिसरच्या मागे मागे राहा, तो म्हणेल तिथे खोका टाका. चार सामन्यांत गॅरिसन कुठे आणि काऊन बांधतात ते आपोआप कळेल, आणि तुमचा निशाणा कच्चा असला तरी टीमला फायदाच होईल.

मेडिक हा दुसरा चांगला पर्याय. पडलेल्याला उठवता येतं, धुराचे गोळे मिळतात. पण धूर आधी टाकायचा आणि मग जायचं. उलटं केलं तर एकाच्या जागी दोन मुडदे. आणि तुम्ही पडलेले असाल, मेडिक वीस मीटरवर असेल, तर "गिव्ह अप" दाबायच्या आधी त्याला हाक मारा.

इंजिनिअरला बाहेरून काही ग्लॅमर नाही, पण त्याचं एक काम कमांडरचा श्वास आहे: नोड बांधणं. मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन असे तीन प्रकारचे नोड सुरक्षित मागच्या पट्ट्यात उभे केले, की कमांडरकडे साधनसामग्री जमत राहते. विमानातून सप्लाय, बॉम्बफेक, टँक, सगळं त्यावर. सामन्याच्या पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी हे करायलाच हवं. आमच्यात चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

मशीनगन मजेची आहे, खास करून जर्मन एमजी ४२, पण ती झाडायला लागलात की तुमचा पत्ता सगळ्या नकाशाला कळतो. अँटिटँकवाल्याने एकट्याने टँकच्या समोरून मारू नये, बाजूने किंवा मागून मारावं. साधा रायफलमन घ्यायलाही लाज वाटू देऊ नका, तो दारूगोळ्याचा डबा टाकू शकतो आणि मशीनगनवाले त्याचे पाय धरतात.

स्नायपर घेऊ नका. रेकॉनमध्ये दोनच जागा असतात आणि त्या माणसांनी शत्रूच्या मागे जाऊन गॅरिसन मोडायच्या असतात, तोफा बंद करायच्या असतात. चारशे मीटरवर बसून दीड तासात सहा बळी, हे काम नाही.

ऑफिसर व्हायची वेळ आली तर?

घाबरू नका, पण माइक नसेल तर होऊ नका. माइक नसलेला ऑफिसर म्हणजे पाच जणांचा दीड तास वाया.

ऑफिसरला दोन कान लागतात. एकात स्वतःचा स्क्वॉड, दुसऱ्यात सगळ्या ऑफिसरांची आणि कमांडरची वाहिनी. दोन्हीकडून एकाच वेळी बोलणं येतं आणि सुरुवातीला डोकं भणभणतं. उपाय असा की तुम्ही स्वतः पुढच्या रांगेत लढू नका. स्क्वॉडच्या तीस-चाळीस पावलं मागे, आडोशाला, मॅप उघडा ठेवून बसा. तुम्ही जिवंत राहिलात तर आउटपोस्ट लावता येते. आउटपोस्ट असली तर पाचही जण परत येतात. त्यामुळे ऑफिसरने मारलेल्या शत्रूंपेक्षा तो किती वेळ जिवंत राहिला याला किंमत जास्त.

हुकूम एका वेळी एकच द्या आणि तो मॅपवर खूण करून द्या. "चला, चला, पुढे व्हा" हा हुकूम नव्हे. "त्या खुणेच्या फार्महाउसपर्यंत डावीकडच्या कुंपणाने, तिथे थांबा" हा हुकूम. स्क्वॉडमधला एखादा ऐकत नसेल तर दोनदा सांगा, तिसऱ्यांदा काढून टाका आणि पुढे चला. शिव्या देऊ नका, त्यात वेळ जातो.

आणि स्क्वॉडला काय चाललंय ते सांगत राहा. मागे राखायला बसवलेल्या माणसाला दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही की तो हमखास उठून पुढे जातो. "भाऊ, तिथेच राहा, उजवीकडून तिघं येऊन राहिले अशी खबर आहे" एवढं म्हटलं की तो बसतो.

माइकवर बोलायचं कोणत्या भाषेत?

स्क्वॉडमध्ये सगळे आपलेच असतील तर आपल्या नागपुरी मराठी-हिंदीतच. कृत्रिम इंग्रजी बोलायच्या नादात माणूस अडखळतो, तोवर समोरचा मेलेला असतो. ऑफिसरांच्या वाहिनीवर मात्र इंग्रजीच, कारण तिथे सिंगापूरचे, ऑस्ट्रेलियाचे, फिलिपिन्सचे लोक असतात. व्याकरणाची चिंता नको. तिकडच्यांचं इंग्रजीही आपल्यासारखंच आहे.

भाषेपेक्षा बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. "अबे तिकडे! तिकडे आहे बे! झाडाजवळ!" यातून कोणालाच काही कळत नाही, कारण तुमचं "तिकडे" वेगळं, माझं वेगळं, आणि नॉर्मंडीत झाडं पुष्कळ. पडद्याच्या खाली होकायंत्राचे आकडे असतात. तो आकडा आधी, मग वस्तू, मग किती जण: "दोन-चार-शून्य, पडकी भिंत, दोघं." संपलं. अंदाजे अंतर सांगता आलं तर उत्तम. मेल्यावर मारणाऱ्याची जागा सांगा, त्याच्या आईबहिणीची चौकशी नंतर.

पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबलं तरच माइक चालू. हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं, कारण एप्रिल ते जून आपल्या मागे कूलर घोंघावत असतो. माइक सतत चालू ठेवला तर पाच जणांच्या कानात तुमचा कूलर, तुमच्या गल्लीतली कुत्री आणि "जेवायला येतोस की नाही" हे सगळं जातं. त्यात शत्रूच्या पावलांचा आवाज कोण ऐकणार?

जवळच्यांशी बोलायची तिसरी वाहिनीही आहे. जो समोर दिसेल त्याच्याशी बोला, मग तो कोणत्याही स्क्वॉडचा असो. "मी उजवीकडे बघतो, तू डावीकडे" एवढ्यावर अनोळखी दोन माणसं अर्धा तास पॉइंट राखतात.

सर्व्हर कोणता निवडू? रात्री सगळे रिकामे का दिसतात?

पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी असलेला, आणि माणसं भरलेला. दोन्ही एकत्र मिळतीलच असं नाही. भारतातला सर्व्हर भरलेला दिसला तर सोडू नका. नाहीतर सिंगापूरचा बघा.

घड्याळाचा हिशेब डोक्यात ठेवा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपण जेवण उरकून रात्री अकराला बसतो तेव्हा तिकडे दीड वाजलेला असतो आणि लोक झोपायला निघालेले असतात. सिडनीत तर त्याहून उशीर. म्हणून पूर्वेकडचे सर्व्हर खेळायचे तर संध्याकाळी सहा ते नऊ ही खरी वेळ. शनिवार-रविवारी दुपारीही चांगली गर्दी असते. रात्री बाराच्या पुढे युरोपातली संध्याकाळ सुरू होते. तिकडचे सर्व्हर खच्चून भरलेले, पण पिंग वाढतो. रायफल, मशीनगनला त्याने फरक पडतो. ट्रक चालवणं, गॅरिसन बांधणं, कमांडरगिरी यांना फारसा पडत नाही. मग त्या रात्री तेच करा.

वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढा.

पीसी कसा लागेल? आणि नवतप्यात तो टिकेल काय?

खेळ अनरियल इंजिन ४ वर आहे आणि शंभर माणसांचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, म्हणून नुसतं महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन भागत नाही. १६ जीबी रॅम धरूनच चाला. एसएसडी हवीच, नाहीतर सगळे निघून गेल्यावर तुमचा नकाशा उघडेल. जीटीएक्स १०६० च्या दर्जाचं जुनं कार्ड मध्यम सेटिंगवर चालतं. सावल्या आणि इफेक्ट्स कमी करा. दूरच्या वस्तू दिसायचं सेटिंग मात्र कमी करू नका.

आता ऊन. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो, छताखालच्या खोलीत पंखाही गरम हवा फेकतो, आणि पीसी तीच हवा आत ओढतो. तासाभराने प्रोसेसर तापून वेग कमी करतो आणि ऐन हल्ल्यात चित्र अडखळायला लागतं. लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात, दोष उन्हाचा असतो. फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाका, कार्डाला उगाच धावू देऊ नका. एप्रिलच्या आधी कॅबिनेटमधली धूळ साफ करा, विशेषतः हीटसिंकमध्ये बसलेली.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडायची युक्ती बरेच जण करतात. करू नका. त्या हवेत ओल असते, आणि जाळ्या नव्या असल्या की पाण्याचे थेंबही उडतात. कूलर खोली थंड करेल असा लावा, खिडकी किंचित उघडी ठेवा म्हणजे दमट हवा बाहेर पडेल, आणि कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा. लॅपटॉपवाल्यांनी दुपारी खेळूच नये असं माझं मत आहे.

विकत घेताना काय बघू?

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते, यूपीआयने पैसे भरता येतात. सेल वरचेवर लागतात, घाई नसेल तर थांबा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण सर्व्हरच्या रांगेत आणि मेन्यूत बसलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. त्यामुळे पहिल्यांदा उघडाल ते सेटिंग आधी ठरवून, रिकाम्या वेळी उघडा. कोणाकडून स्वस्तात अकाउंट घेऊ नका.

टँक चालवायचाय!

तिघं हवेत आणि तिघंही बोलणारे हवेत: चालक, तोफवाला, कमांडर. चालकाला दिसत नाही, तोफवाल्याला एकाच दिशेला दिसतं, म्हणून कमांडरने सतत बोलत राहायचं. एकट्याने टँक घेऊन गेलात तर टीमच्या कमांडरने जमवलेलं इंधन फुकट गेलं समजा. पायदळापासून फार पुढे जाऊ नका, झुडपातला एक माणूस सॅचेल (स्फोटकांची पिशवी) लावून टँक उडवतो.

तोफांचे आकडे कसे लक्षात ठेवायचे?

अमेरिकन आणि जर्मन तोफांना १०० मीटरला ९७८ मिल (तोफेची नळी किती उचलायची त्याचं माप), १६०० मीटरला ६२२ मिल. मधलं अंतर जवळपास सरळ रेषेत उतरतं: दर १०० मीटरला साधारण २४ मिल कमी. रशियन तोफांचे आकडे वेगळे. कागदावर तक्ता लिहून मॉनिटरला चिकटवा. दिशा आणि अंतर मॅपवरून काढा, आणि गोळे कुठे पडून राहिले ते पुढच्या ऑफिसरला विचारत राहा. न विचारता मारत राहिलात तर निम्मे गोळे आपल्याच लोकांवर. तोफेवर एक माणूस पुरे, फार तर दोन. तिसरा गेला की मला राग येतो.

नकाशे खरे आहेत काय?

बऱ्याच अंशी. त्या काळची हवाई टेहळणीची छायाचित्रं आणि उपग्रहाची माहिती वापरून ते बनवले आहेत. सांत-मेर-एग्लिझ हे गाव ६ जून १९४४ च्या पहाटे अमेरिकेच्या ८२ व्या हवाई डिव्हिजनने घेतलं. कारँतां १०१ व्या डिव्हिजनच्या हाती १२ जूनला आलं. फॉय हे बास्तोन्यजवळचं बर्फातलं खेडं, लढाई जानेवारी १९४५ ची. रेमागेनचा ऱ्हाइनवरचा पूल अमेरिकनांना ७ मार्च १९४५ रोजी उभाच्या उभा सापडला. पूर्वेकडे स्टालिनग्राड आणि कुर्स्क, वाळवंटात एल अलामेन.

नकाशा खेळायच्या आधी त्या लढाईबद्दल दहा मिनिटं वाचलं तर फायदा होतो, खरोखर. नॉर्मंडीतली ती उंच मातीच्या बांधावरची कुंपणं अमेरिकनांना इतकी का नडली, ते दोन सामन्यांत अंगाने कळतं. प्रत्येक शेत एक स्वतंत्र किल्ला होतं. तुम्हालाही एका शेतातून दुसऱ्यात जायला वाट सापडत नाही, आणि सापडते त्या फटीवर कोणीतरी मशीनगन लावून बसलेलं असतं.

यात आपले भारतीय सैनिक आहेत काय?

वेगळी भारतीय फौज नाही. ब्रिटिशांची आठवी आर्मी आहे, आणि खरी आठवी आर्मी भारतीयांशिवाय उभी राहत नव्हती. १९४२ च्या अलामेनच्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन रुवैसात टेकडीवर होती. त्याच वर्षी जूनमध्ये टोब्रुक पडलं तेव्हा आत अडकलेल्या अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनेत २५ लाखांच्या आसपास माणसं होती, सगळी स्वतःहून भरती झालेली.

स्क्वॉडने खेळणाऱ्याने नाईक यशवंत घाडगे यांच्याबद्दल तरी वाचावं. इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४. त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगन चालली आणि ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ मिळाला नाही तेव्हा तिच्या दस्त्याने उरलेल्यांवर तुटून पडले. नंतर जवळच दडलेल्या शत्रूच्या गोळीने ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलात सेनियो नदीवर नामदेव जाधव यांना तो मिळाला. ते कंपनीचे निरोप्ये होते. दोन जखमींना सुरुंगांतून बाहेर आणून मग ते मशीनगनच्या ठाण्यांवर गेले. आणि ते जगले.

आणि नागपूरकरांसाठी: त्या युद्धात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, दुसरी १९४२ मध्ये आपल्या कामठीत. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. आज कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, हे आपल्याला माहीत असतं. त्याआधीचं कोणी सांगत नाही. इटलीतल्या भारतीय डिव्हिजनांवर एखादा नकाशा निघाला, तर मी तो त्याच दिवशी विकत घेईन.

जर्मन बाजूने खेळायला कसंतरी वाटतं.

वाटू द्या. बाजू बऱ्याचदा सर्व्हर ठरवतो आणि पुढच्या सामन्यात बदलते. खेळात विचारसरणी नाही, गणवेश आणि बंदुका आहेत. एखादा माइकवर त्या गणवेशाच्या नादात घाणेरडं बोलायला लागला तर त्याला म्यूट करा, सर्व्हरच्या अॅडमिनला कळवा. आमच्या गटात तसं बोलणारा दुसऱ्या दिवशी गटात नसतो.

माझा मुलगा नववीत आहे. त्याला खेळू द्यावं काय?

ताई, दादा, आमचं उत्तर नाही असं आहे. आम्ही गटात अठराच्या खालचे घेत नाही. रक्त दिसतं, तोफेने माणसाचे तुकडे होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे माइकवर जगभरातली मोठी माणसं काहीही बोलतात. ते कोणीच गाळत नाही. पैशांचा जुगार यात नाही, त्यामुळे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद झालेल्या पैशांच्या खेळांशी याचा संबंध नाही, एवढी काळजी नको. खेळायचाच असेल तर बारावी झाल्यावर पाठवा, आम्ही ट्रक चालवायला शिकवू.

दीड तास उठता येत नाही, घरचे चिडतात.

उठता येतं. मध्ये सोडून जाण्याने काही दंड होत नाही, फक्त ऑफिसर असाल तर आधी दुसऱ्याला पद द्या. बाकी जेवून बसा.

सामना चालू असताना लाइट गेली तर?

मे-जूनच्या वावटळीत जाणारच. यूपीएसवर पीसीसोबत राउटरही जोडा, तो लोक नेहमी विसरतात. यूपीएसची शिट्टी सुरू झाली की तुमच्याकडे काही मिनिटं आहेत. तेवढ्यात स्क्वॉडला सांगा, हातातला खोका कामाच्या जागी टाका, ऑफिसर असाल तर पद सोडा आणि पीसी नीट बंद करा. लाइट परत आल्यावर त्याच सर्व्हरच्या रांगेत लागा, आम्ही तिथेच असतो.